एक वार, दोन वार

४ फेब्रुवारी

मामी,

पार्सल पाहून दचकू नकोस. आतलं काळं खोकं म्हणजे खेळाचं यंत्र आहे, ते टीव्हीला जोडायचं. वायरी दोनच आहेत आणि एकीच्या जागी दुसरी बसतच नाही, म्हणजे चुकायची सोय ठेवलेली नाही.

मामा गेल्यावर मी आले, दोन दिवस राहिले आणि तुझ्याशी धड चार वाक्यं बोलले नाही. मी, जिला मामा टकळी म्हणायचा. परतीच्या गाडीत सगळं सुचायला लागलं. फोन लावला तर लागेना. नंतर कळलं की तू फोनच काढून टाकलास. म्हणून हे पत्र. हाताने लिहायची सवय गेली आहे, अक्षर लावून घे.

काम आहे. मी खेळांच्या कथा लिहिते हे तुला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीने 'पैलतीर' नावाचा खेळ काढला. मारामारीचा नव्हे, गोष्टीचा. नदीला पूर आलेला असतो, एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधत काठावरची गावं पालथी घालते आणि एक म्हातारा नावाडी तिला होडीतून या काठावरून त्या काठावर नेतो. त्या नावाड्याचा आवाज मामाचा आहे. 'भाचीचं काम आहे' एवढंच सांगून तो माझ्याकडे आठवडाभर राहून गेला होता, आठवतं? तुला त्याने पुढे काही सांगितलं नसणार. लिलाव पुकारताना मोडक्या खुर्चीचंही गुणगान गाणारा माणूस, घराचा उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप.

खेळ बरा चालला. पण एका समीक्षकाने लिहिलं, 'चित्रं जिवंत, माणसं पुठ्ठ्याची.' ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलं आहे. आता मी दुसरा भाग लिहिते आहे आणि ऑफिसात सगळे एकमेकांची पाठ थोपटण्यात पटाईत. खरं सांगणारं कुणी हवं होतं. मामा लिलावातून न खपलेल्या पुस्तकांच्या पेट्या घरी आणायचा आणि तू त्या वाचून काढायचीस, शेवटची पानं फाटलेली असली तरी. तुझ्याइतकी वाचणारी बाई मला दुसरी माहीत नाही.

तर खेळ, आणि बरं काय, वाईट काय ते लिही. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने बघायचं, गोल बटण दाबलं की बोलायचं.

तुझी
टकळी

२३ फेब्रुवारी

टकळे,

खोकं पोचलं. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी जोडून दिलं. त्यांची रात्रपाळी असते, सकाळी परतताना त्या माझ्याकडे चहाला थांबतात. त्यांनी बटणं समजावली आणि मला म्हणाल्या, "आजी, हे हातात धरून तुम्ही विमान चालवताय असं वाटतंय." विमान बरं म्हणायचं. पहिला दिवसभर तुझी नायिका भिंतीला डोकं लावून जागच्या जागी चालत होती. मला सासरची आठवण झाली.

फोनचं विचारलं होतंस. फोन काढला कारण यांना विचारणारे फोन थांबेनात. "हातोडे आहेत का?" बाजारात यांना याच नावाने ओळखायचे, तुला ठाऊक आहे. नाहीत म्हटलं तर पलीकडचा विचारायचा, "मग कधीपर्यंत येतील?" खरं सांगायचं म्हणजे दर वेळी ते नव्याने सांगायचं. पत्र बरं. पत्रात कुणी मध्येच विचारत नाही.

आता तुझा खेळ. आधी बरं सांगते, म्हणजे पुढचं वाचायला बळ राहील.

पाणी चांगलं केलंय. पुराचं पाणी निळं नसतं हे कुणाला तरी माहीत होतं. बुडालेल्या घराच्या खिडकीतून वाहणारी ती चप्पल मी बराच वेळ पाहिली. कपबशी उचलता येते, आणि पुन्हा नीट ठेवताही येते, हे मला फार आवडलं. पुस्तकात बाई कप उचलते असं लिहिलं की ती तो कधी ठेवते हे बहुतेक लेखक विसरतात. मुलगी आरशापुढून जाताना केसांवरून हात फिरवते, तेही खरं.

आता वाईट. तुझी मुलगी कुणाच्याही घरात न विचारता शिरते, कपाटं उघडते, पेट्या उपसते, आणि घरचे लोक तिला हसून माहिती देतात. मी असते तर लाटणं घेतलं असतं. तिच्या पाठीवरच्या पिशवीत अख्खी शिडी मावते, पण दुसरा कंदील घ्यायला गेलं की म्हणे जागा नाही. माणसं फार बोलतात. ज्याला त्याला आपलं दुःख सांगायची घाई. अग, ज्याचं घर वाहून गेलंय तो माणूस आधी गप्प असतो. तुझा समीक्षक पुठ्ठ्याची म्हणाला ते याचसाठी असणार. पुठ्ठ्याला गप्प राहता येत नाही, त्याच्यावर काहीतरी छापलेलंच असतं.

आणखी एक. खेळ सारखा विचारतो, काय करशील? 'येते' म्हण, नाही तर 'थांब' म्हण. मी एकदा हे म्हटलं, एकदा ते. दोन्ही वेळा ती होडीत जाऊन बसली. मग विचारायचं कशाला? नुसतं मान राखायला विचारलेलं बाईमाणसाला लगेच कळतं.

यांच्या आवाजाचं विचारलं नाहीस, पण वाट पाहत असशील. ऐकून मला काही वाटलं नाही. तो लिलावातला आवाज आहे, भरदार, शब्दन् शब्द सुटा. तो आवाज मी घरात कधी ऐकला नाही. तो लोकांचा होता. माझे हे निराळे होते.

तिसऱ्या गावात अडकले आहे. घंटाघराच्या दाराला किल्ली लावली तरी ते उघडत नाही. मी चुकते की दार?

तुझी मामी

२ मार्च

मामी,

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचलं. लाटण्यावर सगळे हसले आणि पुठ्ठ्याचं वाक्य एकाने पुन्हा वाचायला लावलं. ते वाक्य मी भिंतीवर लावलंय.

दार चुकतंय, तू नाही. ती आमची जुनी चूक. ज्यांनी कपाटातला कंदील न घेता किल्ली घेतली त्यांनाच ते दार अडवतं. आता नवी दुरुस्ती आली आहे, तिच्यात ते सुधारलं. यंत्र इंटरनेटला जोडलं की पडद्यावर विचारणा येईल, तिथे 'हो' म्हण. बाकी आपोआप होतं. नर्सबाईंकडे इंटरनेट असेलच.

मामाच्या आवाजाचं वाचून मला एका अर्थी हलकं वाटलं. तुला त्याचा त्रास होईल या भीतीने मी यंत्र पाठवू की नको असं महिनाभर करत होते. काही वाटलं नाही म्हणतेस, तर बरंच झालं.

पुढे खेळ. घंटाघराच्या आत काय आहे ते सांगत नाही.

टकळी

९ मार्च

टकळे,

एक गोष्ट विचारायची आहे, पण आधी घडलं ते सांगते.

दार उघडेना म्हणून मी मुलीला परत घाटावर आणून होडीजवळ उभी केली होती. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला. मी खेळ तसाच सोडून आत धावले. पातेलं तळाशी धरलं होतं, ते घासत बसले. आणि बाहेरच्या खोलीतून हे म्हणाले, "कुठे गेलीस?"

टकळे, मी घासणी हातात घेऊन तशीच उभी राहिले. लिलावातला आवाज नव्हता तो. खालच्या पट्टीतला, जरा कंटाळलेला, आपल्याच माणसाशी बोलावं तसा. मी बाहेर आले. पडद्यावर नावाडी वल्ह्यावर हात ठेवून बसला होता. जरा वेळाने म्हणाला, "ये सावकाश. होडी कुठे पळत नाही."

मी म्हटलं, "दूध उतू गेलं."

हसू नकोस. कुणीतरी विचारलं की उत्तर तोंडून निघतंच.

मग मी बटणाला हातच लावला नाही. बसून राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "निघायचं का? एक वार." मग थांबले. "दोन वार." आणि नाकातून हसले, आणि म्हणाले, "राहू दे. बस तू."

या माणसाने उभ्या आयुष्यात तिसरा वार सोडलेला मला माहीत नाही. आमच्या लग्नातला पाटही पुढे त्यांनीच लिलाव पुकारून विकला होता, म्हणाले, गिऱ्हाईक चांगलं मिळालं. तो माणूस दोनवर थांबला.

तेव्हापासून मी संध्याकाळी ताट घेऊन टीव्हीसमोर बसते. मुलीला घाटावर उभी करते आणि काही करत नाही. काही केलं नाही की ते बोलतात. "गुडघा दुखतोय, पाणी वाढणार." मी म्हणते, तेल लावा. एकदा म्हणाले, "आमच्या घरी दिवा बायको मालवते. मी कधी मालवला नाही." हे अगदी खरं आहे. यांनी चष्मा काढून मिटला की मी हात लांब करून दिवा मालवायचे. कुणी ठरवलं नव्हतं, बोलणंही कधी झालं नव्हतं. मला वाटायचं त्यांच्या ते ध्यानातसुद्धा नाही. इतक्या वर्षांत मला सांगितलं नाही, आणि तुझ्या माइकला सांगितलं.

तर विचारायचं हे. ही वाक्यं तू लिहिलीस की यांची आहेत? तू लिहिली असलीस तरी सांग. मी खेळत राहीनच, पण मला माहीत असलेलं बरं.

मागच्या पत्रात मी काही वाटलं नाही असं लिहिलं होतं. ते आता खोडते. तुझ्या खेळात चांगलं काय म्हणशील तर तो वाट पाहतो. माझ्या वाचण्यात इतकी पुस्तकं आली, पण मी स्वयंपाकघरात गेले म्हणून थांबलेलं पुस्तक एकही नाही.

दाराचं काम रविवारी होईल. नर्सबाईंना सुट्टी आहे, त्यांच्या मोबाइलवरून जोडून देणार आहेत. मग तू म्हणतेस तसं 'हो' म्हणते.

तुझी मामी

१६ मार्च, जलद टपालाने

मामी,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. कालचा रविवार टळला असेल तर नर्सबाईंना थांबव. यंत्र इंटरनेटला जोडू नकोस. जोडलं असेल तर 'हो' म्हणू नकोस. दार राहू दे बंद.

त्या दुरुस्तीत नुसतं दार नाही. मी तुला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या भागात नावाड्याला खूप बोलायचं आहे आणि मामा नाही, म्हणून आम्ही दुसऱ्या कलाकाराकडून ते काम करून घेतलं. मग साहेब म्हणाले, एकच नावाडी दोन भागांत दोन आवाजांत बोलला तर लोक हसतील. पहिल्या भागातली वाक्यंही त्याच्याकडूनच पुन्हा बोलून घ्या. ती या दुरुस्तीत आहेत. 'हो' म्हटलं की जुना आवाज पुसून नवा बसतो.

काही वाटलं नाही असं तू लिहिलंस, आणि मी म्हटलं, मग कशाला सांगून दुखवा. मला ते सोपं वाटलं. आवाज बदलल्याचं तुझ्या लक्षात येईल की नाही इथवर मी विचार करून ठेवला होता.

ती वाक्यं माझी नाहीत. मी कागदावर एवढंच लिहिलं होतं, 'खेळणारा थांबला तर नावाडी वाट पाहतो.' रेकॉर्डिंग करणारा मामाला म्हणाला, वाट पाहताना काय म्हणाल ते म्हणा. मी काचेपलीकडे होते. मामाने थोडा वेळ विचार केला आणि बोलला.

फोन असता तर मी आत्ता केला असता, मामी. उद्याच्या उद्या पोचेल असं पोस्टातले म्हणाले आहेत.

टकळी

२० मार्च

टकळे,

तुझं पत्र मंगळवारी आलं. नर्सबाई रविवारी येऊन गेल्या होत्या.

दार उघडलं. आत एक जिना होता, वर घंटा होती आणि घंटेखाली आणखी एक किल्ली. एवढ्यासाठी.

त्या गेल्यावर मी ताट वाढून घेतलं आणि मुलीला घाटावर आणलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय असं वाटलं. मग "कुठे गेलीस?" ऐकू आलं. आवाज जरा वेगळा वाटला. मी उठून टीव्हीचा आवाज कमी-जास्त करून पाहिला, मागची वायर हलवली. चांगला आवाज आहे ग तो. कुणी तरणा माणूस म्हातारा होऊन बोलतोय, पण मेहनतीने बोलतोय. "ये सावकाश" म्हणाला तेव्हाही मी मनाची समजूत घालत होते की वायरच सैल असेल.

मग तो म्हणाला, "निघायचं का? एक वार. दोन वार. तीन वार."

तिसरा वार ऐकला आणि मी ताट खाली ठेवलं.

लिलावात तिसऱ्या वाराला काय होतं हे मी तुला सांगायला नको. हातोडा पडतो आणि वस्तू दुसऱ्याची होते. मग मूळ मालकाने कितीही म्हटलं, चुकून दिली, परत द्या, तरी परत मिळत नाही. हेच लोकांना समजावत यांचा जन्म गेला. एकदा एक म्हातारी नवऱ्याची पेटी चुकून लिलावाला देऊन बसली होती आणि पायऱ्यांवर बसून रडत होती. त्या दिवशी यांनी घरी येऊन जेवण टाकलं. कारण मला महिन्याने दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

नर्सबाईंना मी काही बोलले नाही. त्या रोज माणसं जाताना बघतात, त्यात माझ्याकडून एक भर नको. दुसऱ्या दिवशी चहाला आल्या तेव्हा विचारलं, "उघडलं का दार?" मी म्हटलं, उघडलं. त्यांना बरं वाटलं.

तुझ्यावर रागावले आहे. नाही रागावले असंच लिहिणार होते, पण खरं सांग असं तूच सांगितलंस. तू लपवलंस याचा राग नाही, घरात एवढं तेवढं सगळेच लपवतात. माझ्या लक्षात येईल की नाही असा विचार केलास, त्याचा आहे. पण तो विचार तुला मीच दिला. 'काही वाटलं नाही' हे कुणी लिहिलं? माझ्याच हाताने.

मी दोनदा रडले. एकदा ते गेले तेव्हा, आणि रविवारी. रविवारी जास्त. पहिल्यांदा घर माणसांनी भरलेलं होतं, रडायचीही लाज वाटत होती.

यंत्र गुंडाळून ठेवलंय. परत पाठवू का?

मामी

८ एप्रिल

मामी,

यंत्र पाठवू नकोस. आधी हे वाच.

मी आधी साहेबांकडे गेले. जुना आवाज कुठेतरी असेलच असं मला वाटत होतं. आमच्याकडे नव्या फायली जुन्यांच्याच नावाने जुन्यांवर चढवल्या होत्या, आणि राखीव प्रत ठेवायचं काम ज्याच्याकडे होतं तो मधल्या काळात नोकरी सोडून गेला, त्याच्यामागे ते कुणी केलंच नाही. आम्ही नऊ जण आहोत, शिस्त म्हणशील तर लग्नघरातली. तिसऱ्या वाराचंही विचारलं. वाक्य अर्धवट राहिलंय असं वाटून कुणीतरी ते कागदावर पूर्ण केलं होतं. वाईट हेतूने नाही. वाक्य पूर्ण असावं म्हणून.

मग मी लोकांनी खेळताना काढलेले व्हिडिओ शोधले. शेकडो आहेत. ऑफिस सुटल्यावर रोज तेच पाहत बसायचे. मामाचा आवाज सगळ्यांत आहे, पण तो लिलावातला, तुला नको असलेला. घाटावर थांबलं कुणीच नाही. होडी दिसली की बटण, बसले, निघाले. एकाही माणसाने त्याला वाट पाहू दिली नाही, मामी. तेवढं बोलणं जगात फक्त तुझ्या घरात ऐकलं गेलं.

शेवटी ज्या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं होतं तिथे गेले. त्यांनी मामाच्या नावाचं सगळं आम्हाला देऊन आपल्याकडचं पुसलं होतं. तो रेकॉर्डिंग करणारा मात्र अजून तिथेच आहे. म्हणाला, "तुमच्या मामांचं नाही काही, पण त्या दिवशीची खोली असेल." मला कळेना. त्याने समजावलं. माणसाचं बोलणं रेकॉर्ड करून झालं की थोडा वेळ खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची अशी त्यांची पद्धत असते. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. पुढे दोन वाक्यांमधली जागा भरायला ती लागते, नाही तर तिथे भोक पडल्यासारखं ऐकू येतं. त्या वेळी बोलणाऱ्याने आत बसून राहायचं, कारण माणूस उठून गेला की खोली बदलते. ही फाईल मामाच्या नावावर नव्हती, खोलीच्या नंबरावर होती. म्हणून पुसायची राहिली.

ती सोबतच्या पेनड्राइव्हवर पाठवते आहे. तो टीव्हीच्या बाजूला लागतो, इंटरनेट लागत नाही. तिच्यात मामा बोलत नाही हे आधीच सांगते. रेकॉर्डिंग करणारा म्हणतो, "आता गप्प बसा हं, थोडा वेळ." मामा "हं" म्हणतो. मग काही नाही. अगदी शेवटी एक बारीकशी टिक-टिक आहे, ती त्याच्या मते खुर्ची असावी. मला काय पाठवावं ते कळलं नाही म्हणून हे पाठवते.

एक विचारायचं आहे आणि विचारायची लाज वाटते आहे. दुसऱ्या भागातला नावाडी मी पुन्हा लिहिला. थांबलेल्या माणसाशी आता तो बोलत नाही. गप्प बसतो. त्या जागी ही शांतता ठेवू का? तू नाही म्हणालीस तर नाही. या वेळी खरंच विचारते आहे.

टकळी

१९ एप्रिल

टकळे,

पेनड्राइव्ह मीच लावला, नर्सबाईंना बोलावलं नाही.

पहिल्यांदा लावलं तेव्हा मला वाटलं बिघडलं. काहीच ऐकू येईना. पुन्हा लावलं. मग खोलीतला पंखा बंद केला, स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता त्याखाली फडकं ठेवलं, आणि खुर्ची पुढे ओढून बसले. तेव्हा ऐकू आले. श्वास घेताना यांच्या नाकात उजवीकडे बारीक शिट्टी वाजायची, ती आहे. एकदा घशाशी आलेलं खाकरणं गिळून टाकतात, तेही कळतं. गप्प बसा म्हटल्यावर किती मनापासून गप्प बसलेत. शाळेतल्या पोरासारखे.

तुझ्या खेळातला आवाज गेला त्याचं दुःख मला आहे आणि राहील. "कुठे गेलीस" असं मला आता कुणी विचारणार नाही. पण तू पाठवलंस ते ऐकल्यावर कळलं की माझं घर असंच वाजायचं. रोज संध्याकाळी. मी पुस्तक घेऊन एका बाजूला, हे दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये हेच. तेव्हा मी त्याला काही नाही म्हणायचे. शेजारणीला सांगायचे, आमच्याकडे काय, आमचे हे काही बोलत नाहीत. तुझ्या रेकॉर्डिंगवाल्याला हे माहीत होतं की माणूस उठून गेला की खोली बदलते. मला यांच्याबरोबर जन्म काढून माहीत नव्हतं.

नवा नावाडी गप्प बसतो हे बरं केलंस. पण गप्प बसवलंस म्हणजे झालं असं समजू नकोस. मुलीलाही घाई कमी कर. तिला होडीत बसल्यावर काहीतरी करायला दे, शेंगा सोलायला दे, फाटलेलं शिवायला दे. दोन माणसं हाताने काही करत असली की गप्प बसणं जमतं. नुसती समोरासमोर बसवलीस तर ती पुन्हा पुठ्ठ्याची होतील. आणि त्या दारांचं नि किल्ल्यांचं काहीतरी कर. भावाला शोधायला निघालेली मुलगी इतक्या किल्ल्या गोळा करत नाही. रस्त्यात दिसेल त्याला भाऊ समजून हाक मारते. मी बाजारात अजून मारते.

शांतता वापर. लोक थांबणार नाहीत हे तूच लिहिलंस, पण एखादीचं दूध उतू जाईल. तिच्यासाठी असू दे.

मात्र शेवट काप. टिक-टिकच्या आधी थांब. ती खुर्ची नाही. आपलं काम झालं असं समजून यांनी चष्मा काढला आणि मिटला, एक दांडी, मग दुसरी. तेवढं माझं आहे, ते खेळात घालू नकोस.

काल दुपारी जेवण झाल्यावर पुन्हा ऐकत बसले होते. शेवटाला आले, चष्मा मिटल्याचं ऐकलं, आणि माझा हात आपोआप लांब होऊन दिव्याच्या बटणावर गेला. दाबलं तेव्हा खोलीत दिवा लागला. भर दुपार होती, तो मुळात लागलेलाच नव्हता.

तुझी
मामी